नाणें राजाचें, नोंद कोणाची?

नांगराच्या फाळाला, घराच्या पायाच्या खड्ड्यांत किंवा ओहोटीनंतरच्या ओल्या वाळूंत एखादें जुनें नाणें वर आलें, म्हणजे आमच्या शेतकऱ्या-कोळ्यांच्या घरीं त्याच्यापुढें बहुधा तीनच वाटा असतात. सोन्यारुप्याचें असलें तर तें सराफाच्या मुशींत जातें. तांब्याचें असलें तर चिंच लावून, घांसून, लखलखीत करून देवघरांत बसतें. आणि शिशाचें असलें तर जाळ्याच्या गोळ्यांबरोबर वितळून पुन्हां समुद्राच्या तळाशीं जातें. अलीकडे चौथी वाट निघाली आहे. शहरांतला दलाल येतो, चार पैसे हातावर ठेवतो, आणि तें नाणें मोबाइलवरच्या फोटोच्या बाजारांत कोठच्या कोठें नाहींसें होतें.

पांचवी वाट गांवच्या लहान संग्रहालयाची. शाळेचें एक कपाट, वाचनालयाची एक खोली, कोणा हौशी गृहस्थाचा माळा, असे लहान संग्रह महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं आहेत. ही वाट चांगली, यांत शंका नाहीं. परंतु आज आमचें म्हणणें असें आहे कीं, ज्या संग्रहालयांत नाण्यांची वही नाहीं, तेथें ही पांचवी वाटही अखेर मुशींतच जाते. फक्त थोडी सावकाश जाते. पिशवींत शंभर नाणीं आहेत हें सर्वांस ठाऊक. परंतु तीं कोणतीं, किती वजनाचीं, कोणत्या गांवच्या कोणत्या शेतांतलीं, हें कोणी लिहिलेलें नाहीं. उद्यां पिशवींत नव्वद उरलीं तर जाब कोणी कोणास विचारावा? खरीं जाऊन खोटीं आलीं तर तें सिद्ध कशानें करावें?

कोणी म्हणेल, अर्नाळ्यासारख्या गांवास ही उठाठेव कशाला? भाजीला भाव नाहीं, जाळ्यांत मासळी नाहीं, आणि मास्तर जुन्या पैशांच्या गोष्टी सांगत बसले! ह्या आक्षेपाचें उत्तर आम्ही शेवटीं देऊं. आधीं आमच्या पायांखालची जमीन कसली आहे तें वाचकांनीं पाहावें.

अर्नाळ्याहून दोन-तीन कोसांवर सोपारा. तेथें एक मातीचें मोठें टेकाड होतें. गांवकरी त्यास ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. शूर्पारक हें सोपाऱ्याचें जुनें नांव. शूर्प म्हणजे सूप, आणि सूप विणतो तो बुरूड. पंडितांना तें टेकाड काय आहे हें माहीत नव्हतें त्या काळीं लोकांनीं तें बांबू विणणाऱ्या कारागिराच्या नांवावर चढवून ठेविलें होतें! इसवी सन १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तें उकरलें तेव्हां आंत बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटांत दगडी पेटी, तींत तांब्याची डबी, तींत रुप्याची, अशा एकींत एक बसविलेल्या मंजुषा. अगदीं आंत सोन्याची डबी आणि तींत मातीच्या भिक्षापात्राचे बारीक तुकडे. भोंवतीं धातूच्या आठ बुद्धमूर्ति. आणि ह्या सगळ्यांबरोबर एक लहानसें रुप्याचें नाणें, जवळजवळ न झिजलेलें, गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णि ह्या सातवाहन राजाचें.

हें एक नाणें किती बोललें! यज्ञश्रीचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध. तेव्हां ती ठेव त्याच्या आधीं ठेविली गेली नाहीं, हें पक्कें झालें. परंतु जवळच्या मूर्तींची घडण त्यानंतर कित्येक शतकांची दिसते. म्हणून नाणें वाचणाऱ्यानें पहिला धडा हा शिकावा कीं, नाणें ‘ह्याच्या आधीं नाहीं’ एवढेंच सांगतें, ‘ह्याच दिवशीं’ असें सांगत नाहीं. आणि हा धडा आम्हांस मिळाला तो भगवानलाल यांनीं कोणती वस्तु कोठें, कशाच्या आंत, कशाशेजारीं सांपडली हें लिहून छापून ठेविलें म्हणून. त्या मंजुषा पुढें मुंबईस एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. आमच्या तालुक्याचें धन मुंबईस गेलें, सोपाऱ्याच्या कित्येक पोरांनीं तें डोळ्यांनीं पाहिलेंहि नाहीं, ही खंत खरीच आहे. परंतु तें कोठें आहे हें आज आपण सांगूं शकतों. ज्याची नोंद झाली नाहीं त्याविषयीं खंत करण्यासहि जागा उरत नाहीं.

दुसरें उदाहरण नाशिक जिल्ह्यांतलें. सिन्नरच्या बाजूस जोगलटेंभी म्हणून गांव आहे. तेथें १९०६ सालीं रुप्याच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. रेव्हरंड स्कॉट यांनीं त्यांतलीं १३,२५० नाणीं एक एक करून तपासलीं. सगळीं क्षत्रप राजा नहपान याच्या शिक्क्याचीं. परंतु त्यांतल्या सुमारें ९,२७० नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला निघाला, गौतमीपुत्र सातकर्णीचा. नहपानाच्या मुखावर सातवाहनांचा डोंगर आणि चार वर्तुळांचें चिन्ह! कोण हरला, कोण जिंकला, हें कोणत्याहि भाटाच्या तोंडून ऐकण्याची गरज राहिली नाहीं. खालीं कोणाचा ठसा आणि वर कोणाचा, हें बोट फिरवून कळूं लागलें. आतां विचार करा. त्या सांठ्यांतलीं मूठभर चांगलीं नाणीं उचलून बाकीचीं वितळविलीं असतीं, तर ‘दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर पुन्हां ठसा मारला’ हें वाक्य कोणास लिहितां आलें असतें काय? तें वाक्य मोजणीनें लिहिलें. मोजणी हेंच त्या इतिहासाचें बळ.

आतां हा नहपान आपल्या किनाऱ्याचा कोण? त्याचा जांवई उषवदात याचे लेख नाशिकच्या लेण्यांत कोरलेले आहेत. त्यांत तीन लक्ष गाई दिल्याचें आहे, दर वर्षीं लाख ब्राह्मणांस जेवूं घातल्याचेंहि आहे. तें ज्यांना वाचावयाचें ते वाचोत. आमच्या वाचकांनीं त्याच लेण्यांतल्या दुसऱ्या ओळींकडे पाहावें. शूर्पारकास धर्मशाळा बांधल्याचें त्यांत आहे. डहाणूच्या नदीवर फुकट तरी चालविल्याचें आहे. नानंगोल गांवीं बत्तीस हजार नारळीचीं झाडें दान दिल्याचें आहे. हें गांव म्हणजे उंबरगांवाजवळचें नारगोळ असें विद्वान मानतात. म्हणजे तर चालविणारा खलाशी आणि नारळीवर चढणारा भंडारी हे त्या रुपेरी नाण्याच्या मागें उभेच होते.

त्याहून मोठी गोष्ट पुढें आहे. उषवदातानें भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं तीन हजार कार्षापण नाणीं कायमची ठेव म्हणून ठेविलीं. कोठें ठेविलीं? राजाच्या खजिन्यांत नव्हे, देवळांत नव्हे, सावकाराच्या पेढींतहि नव्हे. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे! एकीकडे दोन हजार, महिना शेंकडा एक व्याजानें; दुसरीकडे एक हजार, महिना शेंकडा पाऊण व्याजानें. दोन हजारांचें वर्षाचें व्याज दोनशें चाळीस. त्यांतून वीस भिक्षूंस माणशीं बारा. हिशोब करून पाहा, पैचा फरक नाहीं. त्याच लेण्यांतल्या पुढच्या काळच्या एका लेखांत कुंभारांच्या, पाणयंत्रें करणाऱ्यांच्या आणि तेल्यांच्या श्रेणींकडेहि अशीच ठेव ठेविल्याचें आहे. ज्यांस पुढें ‘हलके’ म्हणून वेशीबाहेरच्या वाटेनें चालविलें, त्या कारागिरांच्या शब्दावर एके काळीं राजाचा जांवई आपलें नाणें विश्वासानें सोपवीत होता. हें आम्ही अभिमानाच्या भरांत म्हणत नाहीं. दगडावर कोरलें आहे तें सांगतों.

आणि ह्या लेखाच्या शेवटीं जें आहे तें आजच्या आमच्या विषयाचें मर्म आहे. हें सर्व निगमसभेंत ऐकविलें आणि रिवाजाप्रमाणें फलकावर चढविलें, असें तो लेख सांगतो. आधीं चारचौघांत वाचून दाखविणें, मग लिहून ठेवणें! सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं जी रीत विणकरांच्या गांवास माहीत होती, ती आमच्या आजच्या लहान संग्रहालयांस माहीत नसावी काय?

आमच्या किनाऱ्यावर जीं नाणीं निघूं शकतात त्यांचा आवांका केवढा आहे पाहा. सर्वांत जुनीं रुप्याचीं ठोकळेवजा नाणीं. त्यांवर सूर्य, झाड, डोंगर असे सुटे सुटे ठसे मारलेले. वजन सुमारें बत्तीस गुंजा, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आंतच. मग सातवाहनांचीं शिशाचीं, तांब्याचीं आणि मिश्र धातूचीं. ह्याच सातवाहनांनीं पूर्व किनाऱ्यावर दोन डोलकाठ्यांचें जहाज छापलेलीं शिशाचीं नाणीं चालविलीं, हें आमच्या कोळी बंधूंस ऐकून बरें वाटेल. मग उत्तर कोंकणच्या शिलाहारांच्या वेळचे गधैया, ज्यांवरचा राजाचा मुखवटा नकलेवर नक्कल होतां होतां ठिपके आणि रेघा होऊन बसला. मग गुजरातच्या सुलतानांचे पैसे. मग १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर राज्य केलेल्या पोर्तुगीजांचे बझारुक, हलक्या धातूचे, गोरगरिबांच्या बाजारहाटाचे. आमच्या आयाबायांच्या गळ्यांतली पुतळ्यांची माळहि परदेशी नाण्यांचीच लेक आहे. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरच्या दोन आकृतींस आमच्या लोकांनीं पुतळी म्हटलें, आणि सोनारांनीं पुढें त्याच घाटाच्या पुतळ्या घडविल्या.

आणि मग शिवराई! १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळीं शिवछत्रपतींनीं सोन्याचा होन पाडला आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूस श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूस छत्रपति, आणि तेंहि देवनागरींत. होन थोरांच्या तिजोरींत गेला. शिवराई कुणब्याच्या कनवटीस राहिली. महाराजांच्या मागें, छत्रपति व पेशवे यांच्या अमलांत, मक्त्यानें दिलेल्या टांकसाळींतून त्याच अक्षरांच्या शिवराया पडत राहिल्या, आणि इंग्रजी राज्यांतहि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्या बाजारांत चालल्या. म्हणूनच शिवराईचें काम नाजूक आहे. एकीवर ‘शिव’ ऱ्हस्व, दुसरीवर ‘शीव’ दीर्घ. एकीवर ‘पति’, दुसरीवर ‘पती’. कोठें दोन आडव्या रेघा, कोठें बिंदूंचें वर्तुळ. ठसा कोरणारा सोनार निराळा, घण मारणारा घणकरी निराळा, टांकसाळ निराळी. ह्या लहान फरकांतूनच कोणती कोठली हें पुढें कळतें. ‘शिवकालीन नाणें’ अशी एकच चिठ्ठी सगळ्या पिशवीवर चिकटविणारा मनुष्य महाराजांचा गौरव करीत नाहीं. तो पुढल्या अभ्यासकाच्या डोळ्यांत माती टाकतो.

मग ही नोंद करावी कशी? ह्यास मोठी विद्या लागत नाहीं. सातवीपर्यंत शिकलेला, अक्षर चांगलें असलेला आणि खोटें न लिहिणारा कोणीहि मुलगा किंवा मुलगी तें करील. पानें क्रमांकित केलेली जाड वही घ्यावी. सुटे कागद नकोत. प्रत्येक नाण्यास एक क्रमांक. तोच क्रमांक त्याच्या कागदी पाकिटावर. नाण्यावर कांहीं लिहूं नये, चिकटवूं नये. मग धातु. मग वजन, सोनाराच्या कांट्यावर, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत. मग व्यास. मग छापा आणि कांटा, दोन्ही बाजूंस काय काय दिसतें तें. अक्षरें जेवढीं दिसतात तेवढींच लिहावीं. झिजलेल्या जागीं ठिपके द्यावेत. मनांतून अक्षरें भरणें म्हणजे दुसऱ्याच्या सात-बाऱ्यावर आपलें नांव घुसडणें होय. दोन्ही बाजूंचा फोटो पट्टी शेजारीं ठेवून काढावा. राजाचें नांव सर्वांत शेवटीं, आणि खात्री नसेल तर ती जागा कोरी. कोरी जागा ही लाज नव्हे; चुकीचें नांव ही लाज.

नाणें घांसूं नये, हें आमच्या भगिनींस विशेष सांगणें आहे. चिंच, लिंबू, राख, ब्रासो ह्यांनीं तांबें चकाकतें खरें. परंतु त्याबरोबर अक्षरांची कड जाते, आणि हिरव्या-काळ्या सायीनें जें राखलें होतें तें एका सकाळींत मोरीवाटे वाहून जातें. शिशाच्या नाण्यास तर बोटांचा घामहि पुरतो. कोरड्या मऊ फडक्यानें धरावें, कोरड्या पाकिटांत ठेवावें. खारा दमट वारा हा आमच्या किनाऱ्याचा मोठा चोर आहे.

खोटीं नाणीं फेकूं नयेत. होन आणि शिवराया सांच्यांत ओतून विकण्याचा धंदा जोरांत आहे. ओतीव नाण्याच्या कडेला सांध्याची रेघ दिसते, अंगावर बारीक फुगे दिसतात, वजन जुळत नाहीं. अशांचीहि नोंद ‘नकली’ म्हणून करावी, म्हणजे तेंच पुढल्या वर्षीं खरें म्हणून दुसऱ्या दारीं जाणार नाहीं.

परंतु वहींतले सर्वांत मोलाचे रकाने दोन: कोठें सांपडलें, आणि कोणास सांपडलें. गांव, पाडा, शेताचें नांव, किती खोल, सोबत काय होतें, मडकें होतें काय, कोणत्या दिवशीं. विरार-नालासोपाऱ्याकडे आज इमारतींच्या पायासाठीं मोठमोठीं यंत्रें जमीन उकरतात आणि ती माती ट्रकांनीं दुसरीकडे भरावास जाते. त्या भरावांत नाणें सांपडलें तर ‘भरावाची माती’ असें स्पष्ट लिहावें, आणि ट्रक कोठून आला तें विचारून लिहावें. नाहींतर सोपाऱ्याचें नाणें अर्नाळ्याचें ठरेल, आणि खोट्या पायावर मोठमोठीं व्याख्यानें उभीं राहतील.

आणि सांपडविणाऱ्याचें नांव, तें त्याची संमति घेऊन लिहावें. आजवर पाठ्यपुस्तकांत राजाचें नांव येतें, संशोधकाचें येतें. ज्याच्या फाळाला तो सांठा लागला त्याचें येत नाहीं. जणूं तीं नाणीं आपोआप वर आलीं! धाराशिव जिल्ह्यांत तेर म्हणून जुनें गांव आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे ह्या व्यापारी गृहस्थांनीं गांवकऱ्यांस शेतांत, पांढरीच्या मातींत सांपडणाऱ्या हजारों वस्तु आयुष्यभर जमविल्या. आज त्यांच्याच नांवाचें सरकारी संग्रहालय तेथें उभें आहे. हें फार उत्तम झालें. ह्याच नियमानें लहान संग्रहालयाच्या वहींत नांगर धरणाऱ्याचें आणि जाळें ओढणाऱ्याचेंहि नांव आलें पाहिजे. नाशिकजवळ अंजनेरीस नाणेशास्त्राची संशोधन-संस्था १९८० पासून आहे. तयार केलेली वही आणि फोटो अशा जाणत्यांस दाखवून राजाचें नांव पक्कें करून घ्यावें. परंतु जाणत्यांपर्यंत नाणें नव्हे, आधीं वही जावी.

लोक नाणीं लपवितात तीं भीतीनें, हें आम्हांस ठाऊक आहे. म्हणून कायदाहि सांगतों. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा असा कीं, जमिनींत दडलेलें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन सांपडल्यास कलेक्टरास लेखी कळवावें. काय, किती, कोठें, कोणत्या दिवशीं. चौकशींत पूर्वींचा धनी कोणी ठरला नाहीं आणि वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सांपडविणाऱ्याचे, एक हिस्सा जागेच्या मालकाचा. सरकारास तें धन घ्यावयाचें असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पांचवा हिस्सा देऊन घेतां येतें. लपविलें तर हिस्साहि जातो आणि वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणजे सांगणाऱ्याचें सर्वस्व जातें हा समज खोटा आहे. सर्वस्व जातें तें लपविणाऱ्याचें. तसेंच १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुनीं नाणीं खाजगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहींत, आणि त्यांचा व्यापार करण्यास परवाना लागतो. दारांत आलेल्या दलालास परवाना विचारा. बहुधा तो पाणी न पितां उठेल.

परंतु सरकारासहि दोन शब्द सांगणें भाग आहे. धातूची किंमत आणि पांचवा हिस्सा हा भाव शिशाच्या नाण्यास लावला तर शेतकऱ्याच्या हातांत एका जेवणाचेहि पैसे पडत नाहींत. आणि तेवढ्यासाठीं त्यानें रोजगार बुडवून कचेरीचे खेटे घालावेत काय? भाव वाढवावा, पावती त्याच दिवशीं द्यावी, आणि त्या सांठ्यांतलीं कांहीं नाणीं त्याच गांवच्या संग्रहालयांत परत पाठवावीं.

आतां त्या पहिल्या आक्षेपाचें उत्तर. भाव नाहीं, मासळी नाहीं, मग नाण्यांची वही कशाला? बंधूंनो, वहीची किंमत तुम्हांहून अधिक कोणास कळावी? १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांतले कर्जरोखे ओढून काढले आणि जाळले. धान्याच्या कोठारापेक्षां त्यांचा रोख त्या कागदांवर कां होता? कारण कागद ज्याच्या हातचा, जमीन त्याची झाली होती. लिहिणारा एक आणि राबणारा दुसरा, अशी वांटणी शतकानुशतकें चालली, आणि तींत राबणारा बुडाला. इतिहासाची गोष्ट निराळी नाहीं. तुमच्या शेतांतल्या नाण्याची नोंद तुम्ही केली नाहीं, तर ती कोणी तरी परका करील; त्याला सोईची वाटेल तशी करील, आणि तींत तुमचें नांव नसेल. जमिनीचा सात-बारा जसा आपण आपल्या डोळ्यांनीं वाचावयास शिकलों, तसा आपल्या भूतकाळाचाहि सात-बारा आपणच लिहावयास शिकलें पाहिजे.

आमच्या मागण्या मोठ्या नाहींत. अर्नाळ्यापासून वसईपर्यंत ज्या शाळेंत, वाचनालयांत किंवा घरीं जुन्या नाण्यांचा संग्रह असेल, तेथें येत्या वर्षाच्या आंत वही पुरी करावी. वही मराठींत असावी. तिच्या दोन प्रती कराव्या. एक संग्रहाजवळ, दुसरी ग्रामपंचायतींत, म्हणजे एकाच किल्लीवाल्याच्या हातीं दोन्ही राहणार नाहींत. वर्षांतून एकदां ग्रामसभेपुढें ती वाचून दाखवावी आणि नाणीं वहीप्रमाणें मोजून घ्यावीं. ज्याचें नाणें संग्रहांत आलें त्यास क्रमांक लिहिलेली पावती द्यावी. संग्रहाच्या चालकांस ही मोजणी अपमानाची वाटूं नये. प्रामाणिक माणसाचें वहीइतकें रक्षण दुसरें कोणी करीत नाहीं.

अर्नाळ्याच्या किल्ल्यावरचीं निशाणें बदललीं. सुलतान गेले, पोर्तुगीज गेले, १७३७ सालीं मराठे आले, मग इंग्रज आले आणि तेहि गेले. प्रत्येकानें आपापला शिक्का धातूवर मारला. मारणारा हात मात्र लोहार-सोनाराचा होता, आणि तो पैसा फिरला तो कुणब्या-कोळ्यांच्या मुठींतून. शिक्का मारण्याचा अधिकार तुम्हांस कधीं मिळाला नाहीं. नोंद करण्याचा अधिकार तुम्हांपासून आज कोणी हिरावून घेतलेला नाहीं. बाजारांत एक जाड वही आणि एक पेन्सिल मिळते; ह्याच आठवड्यांत आणा, आणि पहिलें नाणें कांट्यावर ठेवा.